निळ्या हेल्मेटमागचा माणूस

शांतिसेनेची पहिली मोठी तुकडी राल्फ बंचने उभी केली. साडेदहा वर्षांनी ती माघारी बोलावण्याचा निर्णयही त्याच्याच टेबलावर आला. एका माणसाच्या आयुष्यात दिसणारं शांतिसेनेचं यश आणि अपयश.

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत असाल तर यूएनची शांतिसेना हा टॉपिक तुम्ही कधीतरी केलाच असणार. पहिली मोहीम १९४८, नोबेल १९८८, निळी हेल्मेटं, भारताचा सहभाग. चार पॉइंट पाठ केले की झालं. परीक्षा वगैरे देत नसाल, तर या सेनेची आठवण येते ती फक्त बातम्या बघताना. कुठेतरी युद्ध पेटतं, पडलेल्या इमारतींचे फोटो फोनवर येतात आणि कट्ट्यावर कुणीतरी हमखास विचारतं की ही यूएन नक्की करते तरी काय?

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर हवं असेल तर राल्फ बंच नावाच्या माणसाचं आयुष्य वाचा. शांतिसेना कशी वागेल याचे सुरुवातीचे नियम घडवणाऱ्यांत तो होता. तिचं कौतुक झालं तेव्हा तो होता, आणि तिच्या नाकासमोर युद्ध पेटलं तेव्हाही तोच होता.

आजीने वाढवलेला मुलगा

राल्फचा जन्म १९०३ चा, अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरातला. कृष्णवर्णीय कुटुंब. वडील केस कापायचा व्यवसाय करायचे, आईला संगीताची आवड. घरात आजारपण आलं, म्हणून सगळे कोरड्या हवेच्या न्यू मेक्सिको राज्यात राहायला गेले. तिथे १९१७ मध्ये आई गेली. वडील कामाच्या शोधात निघून गेले होते, ते परत आलेच नाहीत. राल्फ तेव्हा तेरा वर्षांचा होता.

त्याला आणि त्याच्या धाकट्या बहिणीला पुढे आजीने वाढवलं. ही आजी, ल्युसी जॉन्सन, गुलामगिरीच्या काळात जन्मलेली. अंगाने लहानखुरी, पण सगळं घर तिच्या शब्दावर चालायचं. नातवंडांना घेऊन ती लॉस एंजेलिसला आली. राल्फने शिकलंच पाहिजे, हा तिचा हट्ट. शाळा सुटली की तो पेपर विकायचा, लोकांच्या घरी वरकाम करायचा, गालिचे अंथरणाऱ्या कंपनीत राबायचा. एवढं करून शाळेत पहिला आला. तरी हुशार विद्यार्थ्यांच्या मंडळात त्याला घेतलं नाही. कारण एकच, कातडीचा रंग.

कॉलेजला बास्केटबॉलने हात दिला. खेळाच्या जोरावर स्कॉलरशिप मिळाली आणि बाकीच्या खर्चासाठी तो कॉलेजातच झाडलोट करायचा. १९२७ मध्ये यूसीएलएमधून तो पहिल्या नंबराने पदवीधर झाला. हार्वर्डने स्कॉलरशिप दिली, पण तिथे जाऊन राहायचं कसं? मग लॉस एंजेलिसमधल्या कृष्णवर्णीय लोकांनी वर्गणी काढून त्याला हजार डॉलर जमवून दिले. वस्तीतलं एक पोर हार्वर्डला चाललंय म्हटल्यावर सगळ्यांनी खिशात हात घातला.

१९३४ मध्ये राल्फने हार्वर्डमधून पीएचडी केली. अमेरिकेत राज्यशास्त्राची डॉक्टरेट मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय. विषय होता आफ्रिकेतली फ्रेंच राजवट. पुढे तो लंडनला शिकायला गेला. पुढे केनियाचे नेते झालेले जोमो केन्याटा तेव्हा लंडनमध्येच होते, त्यांच्याकडून तो स्वाहिली शिकला. मग केप टाउनला राहून आला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सरकारला आफ्रिका माहीत असणारी माणसं हवी होती. प्राध्यापक बंच असा सरकारी कामात ओढला गेला. १९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाची सनद तयार होत होती, तेव्हा वसाहतींविषयीच्या प्रकरणांवर त्याने काम केलं. १९४६ मध्ये तो यूएनमध्ये आला आणि शेवटपर्यंत तिथलाच झाला.

एका बेटावरचे सहा आठवडे

मे १९४८. इस्राएलची स्थापना झाली आणि शेजारच्या अरब देशांशी युद्ध पेटलं. यूएनने मध्यस्थ म्हणून स्वीडनच्या काउंट फोल्क बर्नाडोट यांना पाठवलं, त्यांचा मुख्य मदतनीस राल्फ. तात्पुरती युद्धबंदी झाली खरी, पण ती पाळली जातेय की नाही हे बघणार कोण? मग वेगवेगळ्या देशांचे लष्करी अधिकारी निरीक्षक म्हणून नेमले गेले. त्यांनी हत्यार बाळगायचं नाही, कुणाची बाजू घ्यायची नाही, जे दिसेल ते कळवायचं. यूएनची पहिली शांती मोहीम ती हीच, आणि ती आजही चालू आहे.

१७ सप्टेंबर १९४८ ला जेरुसलेममध्ये एका जहाल ज्यू गटाने बर्नाडोट यांना गाडीत गोळ्या घातल्या. त्यांच्या शेजारी बसलेले फ्रेंच कर्नलही मारले गेले. राल्फ त्या गाडीत असायचा होता. वाटेत उशीर झाला म्हणून तो वाचला. मित्राच्या मृत्यूनंतर काही तासांतच मध्यस्थीचं काम त्याच्या अंगावर आलं.

जानेवारी १९४९ मध्ये ऱ्होड्स बेटावरच्या एका हॉटेलात इजिप्त आणि इस्राएलचे प्रतिनिधी आले. एकमेकांचं तोंड बघायची कुणाची तयारी नव्हती. राल्फची पद्धत साधी होती. मोठे वाद आधी बाजूला ठेवायचे. आधी फक्त चर्चेचे मुद्दे कोणते आणि कोणत्या क्रमाने घ्यायचे, एवढ्यावर दोघांना सहमत करायचं. कुठल्या का गोष्टीवर होईना, हो म्हणायची सवय लागली की पुढचा हो जरा सोपा जातो, हे त्याला माहीत होतं. दिवसभर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फेऱ्या, रात्ररात्र मसुदे, आणि मधूनच दोन्ही बाजूंच्या लोकांबरोबर बिलियर्डचा डाव. स्थानिक कारागिरांकडून त्याने आठवण म्हणून चिनी मातीच्या प्लेट बनवून घेतल्या होत्या. करार झाला तर प्रत्येकाला एकेक मिळेल, नाही झाला तर याच तुमच्या डोक्यात फोडीन, असं तो त्यांना हसत सांगायचा म्हणतात.

२४ फेब्रुवारीला इजिप्त आणि इस्राएलने सही केली. जुलैपर्यंत लेबनॉन, जॉर्डन आणि सीरियाशीही करार झाले. न्यूयॉर्कमध्ये राल्फची मिरवणूक निघाली. १९५० चं शांततेचं नोबेल त्याला मिळालं. नोबेल मिळवणारा तो जगातला पहिला कृष्णवर्णीय. गंमत म्हणजे त्याला ते घ्यायचंच नव्हतं. यूएनचा नोकर आपलं काम करतो, त्याला कसलं बक्षीस, असं त्याचं म्हणणं. सरचिटणीस त्रिग्वे ली यांनी समजावलं तेव्हा तो तयार झाला.

पण हे करार शस्त्रसंधीचे होते. गोळीबार थांबला, सीमेचा, जेरुसलेमचा आणि घर सोडावं लागलेल्या सुमारे सात लाख पॅलेस्टिनींचा प्रश्न तसाच राहिला. तो पुढे बसून सोडवायचा असं ठरलं होतं. ते पुढे कधी आलंच नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण राल्फच्या आयुष्यात तो पुन्हा पुन्हा येणार आहे.

आणि जगात शांतता घडवणाऱ्या या माणसाला स्वतःच्या देशात काय वागणूक होती? १९४९ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी परराष्ट्र खात्यात मोठं पद देऊ केलं. राल्फने नकार दिला. राजधानी वॉशिंग्टनमध्ये तेव्हा काळ्यांच्या शाळा वेगळ्या, हॉटेलं वेगळी. तिथे बायको-मुलांना घेऊन त्याला राहायचं नव्हतं. १९५४ मध्ये त्याच्या देशनिष्ठेचीच चौकशी झाली. त्यातून तो निर्दोष सुटला. १९५९ मध्ये, नोबेल मिळून नऊ वर्षं झाल्यावर, न्यूयॉर्कच्या एका नामांकित टेनिस क्लबने त्याच्या मुलाला प्रवेश नाकारला. गाजावाजा झाल्यावर क्लबने माफी मागून दार उघडलं, पण राल्फने ते घेतलं नाही. जी सवलत कुठल्याही साध्या कृष्णवर्णीय माणसाला मिळत नाही, ती आपल्याला नको, असं त्याचं म्हणणं होतं.

घाईघाईत रंगवलेली हेल्मेटं

१९५६ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं. ऑक्टोबरअखेर इस्राएलने इजिप्तवर हल्ला केला, पाठोपाठ ब्रिटन आणि फ्रान्स उतरले. महायुद्धाची भीती जगाला वाटू लागली. या सगळ्यांनी माघार घ्यायची तर मधली जागा कोण सांभाळणार? कॅनडाचे परराष्ट्रमंत्री लेस्टर पिअर्सन यांनी कल्पना मांडली की यूएनचंच सैन्य तिथे उभं करावं. असं सैन्य जगात आधी कधी नव्हतं. सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड यांनी ते जमवायचं काम राल्फकडे दिलं.

हाताशी होते काही दिवस. कोणाकडून माणसं मागायची, कोणाची विमानं, कोणाचं रेशन, सगळं टेलिफोनवर. कॅनडाची तुकडी इजिप्तने नाकारली, कारण तिचा गणवेश ब्रिटिशांसारखा. मग सगळ्यांना लांबून ओळखू येईल असं काय घालायचं? निळ्या टोप्या शिवून घ्यायला वेळ नव्हता. म्हणून अमेरिकन सैन्याच्या हेल्मेटांची आतली कवचं घेतली आणि त्यांना निळा रंग मारला. तुमच्या नोट्समधलं निळं हेल्मेट जन्मलं ते असं, घाईगडबडीत.

नोव्हेंबरच्या मध्यात पहिले सैनिक इजिप्तमध्ये उतरले. दहा देशांचे मिळून सुमारे सहा हजार जण. त्यात भारताची तुकडी मोठी होती. नियम तीन. ज्या देशात उभं राहायचं त्याची संमती हवी. बाजू कुणाचीच घ्यायची नाही. बंदूक फक्त स्वतःच्या बचावासाठी. परकी सैन्यं मागे गेली आणि साडेदहा वर्षं ती सीमा बऱ्यापैकी शांत राहिली. त्या काळात गाझाच्या आसपास जी लेकरं जन्मली, ती दहा वर्षांची होईपर्यंत मोठं युद्ध त्यांच्या दारात आलं नाही. यश मोजायचं तर असं मोजायला हवं.

काँगो: काय राखायचं हेच ठरेना

१९६० चा जून. बेल्जियमच्या ताब्यातला काँगो स्वतंत्र होणार होता. राल्फ समारंभासाठी आणि नव्या सरकारला सल्ला देण्यासाठी आधीच तिथे पोचला होता. स्वातंत्र्याला आठवडाही झाला नाही तोच सैन्याने बेल्जियन अधिकाऱ्यांविरुद्ध बंड केलं. बेल्जियमने फौजा उतरवल्या. तांब्याच्या खाणींनी श्रीमंत असलेला कटांगा प्रांत फुटून निघाला. पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांनी यूएनकडे मदत मागितली. सल्लागार म्हणून गेलेला राल्फ एका रात्रीत फौज उतरवणारा माणूस झाला. पहिले शांतिसैनिक अगदी थोड्या दिवसांत आले, पुढे संख्या वीस हजारांच्या जवळ गेली.

पण इथे सुएझसारखी दोन सैन्यं आणि मध्ये रेषा असं काही नव्हतं. देशच आतून फुटला होता. लुमुंबांना वाटे, यूएनने कटांगाचं बंड मोडून द्यावं. यूएन म्हणे, अंतर्गत भांडणात आम्ही पडणार नाही. राल्फ स्वतः कटांगाला जाऊन आला, तिथली तयारी पाहिली आणि आत्ताच सैनिक घुसवू नका असं त्याने हॅमरशोल्ड यांना कळवलं. रक्तपात टळला, पण लुमुंबांचा विश्वास गेला. ते सोव्हिएत रशियाकडे वळले आणि शीतयुद्ध काँगोत शिरलं. राल्फ ऑगस्टअखेर परतला. त्याच्या जागेवर पुढे भारताचे राजेश्वर दयाल आले. सप्टेंबरमध्ये लुमुंबांना पदावरून काढलं गेलं. घरात असेपर्यंत यूएनचे सैनिक त्यांच्या रक्षणाला होते. ते बाहेर पडले, पकडले गेले, आणि शांतिसैनिक मध्ये पडले नाहीत, कारण तसा आदेशच नव्हता. १७ जानेवारी १९६१ ला कटांगात त्यांची हत्या झाली. बेल्जियमने त्यातल्या आपल्या वाट्याबद्दल माफी मागितली ती २००२ मध्ये.

सप्टेंबर १९६१ मध्ये तडजोड घडवायला निघालेले हॅमरशोल्ड विमान पडून गेले. ५ डिसेंबरला कटांगाच्या राजधानीत रस्त्यावरचा अडथळा मोडताना आपले कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया यांना वीरमरण आलं. वय २६. पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या एनडीएचे ते विद्यार्थी. शांती मोहिमेत परमवीर चक्र मिळालेले ते एकमेव भारतीय. बचावापुरतीच बंदूक हा नियम तोवर मागे पडला होता. १९६३ च्या जानेवारीत कटांगाचं बंड संपलं, देश एकसंध राहिला, १९६४ मध्ये सैन्य परतलं. आणि १९६५ मध्ये मोबुटू यांनी सत्ता बळकावली ती १९९७ पर्यंत. याला यश म्हणायचं की अपयश? दोन्ही बाजूंनी बोलता येतं, आणि राल्फलाही यातून सुटका नव्हती.

१९६७ चं पत्र

राल्फची तब्येत आता ढासळत होती. मधुमेह होता, नजर जात चालली होती. तरी १९६५ मध्ये तो मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासोबत अलाबामात, सेल्माहून निघालेल्या मोर्चात पहिल्या रांगेत चालला. त्याच वर्षी भारत-पाकिस्तान युद्धानंतर सीमेवर पाठवलेल्या यूएन निरीक्षकांचं कामही त्याच्याच टेबलावरून चाललं. १९६६ मध्ये त्याची एक मुलगी गेली. त्याला निवृत्त व्हायचं होतं, पण नवे सरचिटणीस यू थांट त्याला सोडायला तयार नव्हते.

१६ मे १९६७. सीमेवरच्या शांतिसेनेचे प्रमुख होते भारताचे जनरल इंदरजित रिखी. त्यांच्या हातात इजिप्तच्या लष्कराचं पत्र पडलं. सीमेवरच्या चौक्या रिकाम्या करा. राल्फने इजिप्तच्या प्रतिनिधीला सांगितलं की थोडं मागे, थोडं पुढे असं जमणार नाही. सैन्य राहील तर पूर्ण, जाईल तर पूर्ण. नासर माघार घेतील असा त्याचा हिशेब होता, असं काही अभ्यासक म्हणतात. नासर यांनी माघार घेतली नाही. दोन दिवसांनी त्यांनी सगळंच सैन्य हलवायला सांगितलं.

आता नियम आठवा. पहिलाच नियम संमतीचा. तो राल्फनेच सांभाळलेला. संमती संपली, तर तिथे राहायचा अधिकारही संपला. इजिप्तचे सैनिक चौक्यांपर्यंत पोचलेच होते. मोठ्या तुकड्या असलेल्या भारत आणि युगोस्लाव्हियाने आपापली माणसं परत न्यायची तयारी दाखवली. निदान तुमच्या बाजूला तरी सैन्य ठेवू द्या, असं यूएनने इस्राएलला विचारलं. इस्राएलने नकार दिला. यू थांट आणि राल्फने सैन्य काढून घेतलं. ५ जूनला युद्ध पेटलं. अजून गाझातून न निघालेले भारतीय शांतिसैनिकही त्यात मारले गेले. सहा दिवसांत नकाशा बदलला, आणि त्या बदललेल्या नकाशावरून आजही रक्त सांडतंय.

जगभरातून टीका झाली. थोडा वेळ काढायला हवा होता, सुरक्षा परिषदेत जायला हवं होतं, असं म्हटलं गेलं. त्यात तथ्यही आहे. पण आणखी एक प्रश्न विचारायला हवा. निळ्या हेल्मेटवाल्यांनी साडेदहा वर्षं शांतता दिली, त्या वेळात दोन्ही देशांनी आणि त्यांच्या पाठीराख्या महासत्तांनी काय केलं? १९४९ मध्ये पुढे ढकललेला प्रश्न कुणी हातात घेतला? कुणीच नाही. सीमा शांत आहे म्हटल्यावर सगळे निवांत झाले.

राल्फ ९ डिसेंबर १९७१ ला न्यूयॉर्कमध्ये गेला. त्या दिवशी आपल्याकडे बांगलादेश मुक्तीचं युद्ध सुरू होतं. १९४९ पासून काश्मीरमध्ये असलेले यूएनचे निरीक्षक तेही थांबवू शकले नव्हते.

मग उपयोग काय?

राल्फनंतरची यादी तुम्हाला थोडीफार माहीत असेल. १९९४ मध्ये रवांडात नरसंहार सुरू झाला, तेव्हा सुरक्षा परिषदेने तिथली शांतिसेना वाढवायच्या ऐवजी कमी केली. १९९५ मध्ये बोस्नियातलं स्रेब्रेनित्सा यूएनने सुरक्षित जाहीर केलं होतं, तिथे सुमारे आठ हजार पुरुष आणि मुलं मारली गेली. २०१० मध्ये हैतीत कॉलरा पसरला तो शांतिसैनिकांच्या छावणीतून. काही मोहिमांत ज्यांना वाचवायचं त्याच बायका-मुलांचं शोषण झालं. यावर पांघरूण घालायचं कारण नाही.

दुसरी यादीही आहे. नामिबिया १९९० मध्ये स्वतंत्र झाला तो यूएनच्या देखरेखीखालच्या निवडणुकीतून. मोझांबिकमधलं यादवी युद्ध थांबलं आणि निवडणुका झाल्या. लायबेरियात २००७ पासून भारताच्या महिला पोलिसांची तुकडी रस्त्यावर उभी राहिली, जगातली पहिली. आतापर्यंत दोन लाखांहून जास्त भारतीय या मोहिमांत गेलेत. आणि २०२३ मध्ये मालीच्या सरकारने शांतिसेनेला निघून जायला सांगितलं, ती निघाली. संमतीचा नियम आजही तोच आहे.

तेव्हा कट्ट्यावर पुन्हा तो प्रश्न निघाला, तर उत्तरादाखल तीन गोष्टी विचारा. या सैनिकांना तिथे कुणी बोलावलंय? त्यांना काय करायची परवानगी आहे? आणि त्यांनी मिळवून दिलेल्या वेळात टेबलावर कोण बसलंय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं राल्फ बंच आयुष्यभर देत राहिला. तिसऱ्याचं उत्तर त्याच्या हातात नव्हतं. ते ज्यांच्या हातात होतं, त्यांनी टाळलं. तुमच्यातले काही जण उद्या परराष्ट्र सेवेत जातील, काही सैन्यात, काही बातम्या देतील. तो तिसरा प्रश्न विचारायचं काम तुमचं आहे.